धर्म कळला, की माणूस कळला?

अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये पाद्री होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तो १९७३मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायचं होतं. काहींना विषय दिला होता बायबलमधल्या चांगल्या शोमरोनीचा. त्या कथेत जखमी वाटसरूला पाहून धर्मगुरू पुढे निघून जातो आणि परक्या जमातीचा माणूस त्याला सावरतो. विद्यार्थ्यांच्या वाटेवरही एक माणूस मुद्दाम बसवलेला होता, मान टाकून खोकणारा, कण्हणारा.

ज्यांच्या हाताशी वेळ होता त्यांच्यापैकी ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलं होतं त्यांच्यापैकी फक्त १० टक्के. शोमरोनीवर बोलायला निघालेले काही जण तर घाईत त्या माणसाला ओलांडून गेले! प्रत्येकाच्या धार्मिकतेचं मोजमाप आधीच घेतलं होतं, पण कोण थांबेल याचा अंदाज त्यावरून येत नव्हता. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे सगळेच श्रद्धाळू होते.

मग श्रद्धाळू आणि अश्रद्ध यांची तुलना केली तर? विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिका व कॅनडातल्या १,२५२ प्रौढांना दिवसातून अनेकदा मोबाइलवर विचारलं: गेल्या तासाभरात काही चांगलं-वाईट केलंत, पाहिलंत? २०१४मध्ये ‘सायन्स’मध्ये उत्तर आलं. सत्कृत्यांच्या आणि दुष्कृत्यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक नव्हता. धार्मिक माणसांना चुकल्यावर अपराधीपणा मात्र अधिक टोचत होता.

उलट टोकाचा दावाही टिकला नाही. धार्मिक घरांतली मुलं कमी उदार असतात, असं सांगणारा २०१५चा एक गाजलेला शोधनिबंध आकडेमोडीतल्या चुकीमुळे २०१९मध्ये मागे घ्यावा लागला.

तरी पूर्वग्रह हटत नाही. भारतासह १३ देशांत झालेल्या, २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्रूर खुनी ‘नास्तिक असेल’ असा तर्क ‘धार्मिक असेल’ या तर्काच्या जवळपास दुप्पट वेळा झाला. स्वतः नास्तिक असलेल्यांचाही कल तसाच होता.

आपल्याकडे आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारली जाते, ती अशाच अंदाजावर. घरमालकांना कळकळीची विनंती आहे: भाडेकरूची चौकशी करायचीच असेल, तर त्याच्या आधीच्या घरमालकाकडे करा.