कोशिंबिरीत घालायची मिरची

आपल्या वाशीमकडे मिरची म्हटली की ठेचा. भाकरीवर बोटभर ठेचा, वाटीभर वरण आणि जेवण आटोपताच चहा. सोयाबीन निंदून आलेल्या बायांच्या पापण्या आम्ही उलटून पाहतो, तेव्हा कितीतरी पांढुरक्या दिसतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायांना रक्तक्षय होता.

भाकर, डाळ, पालेभाजी यांत लोह असतं, पण ते अंगी लागायला सोबत क जीवनसत्त्व लागतं. हे जीवनसत्त्व हंगेरीतल्या सेगेड इथे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी मिरचीतूनच भरपूर वेगळं काढलं. 1937 चं नोबेल त्यांना मिळालं. तिखट मिरचीतही ते आहेच; पण ती खाणार किती? त्यात तव्यावर भाजली की बरंचसं निघून जातं.

म्हणून आम्ही भावनगरी लावा म्हणतो. तीच ती भज्याची लांब, पोपटी, जाड गराची मिरची. चव गोडसर, तिखटपणा बेताचा. आतली पांढरी शीर काढली की तोही उतरतो, कारण तिखटपणा मुख्यतः त्या शिरेत असतो, बियांत नव्हे. चिरून कांदा-लिंबासोबत कच्ची खा, लेकरांनाही द्या. भजी कधीतरी करा, आम्हीही खातो! चहा मात्र जेवणानंतर तासभर थांबवा. तो लोह अडवतो.

अंगण नसेल तर तेलाचा जुना डबा चालतो. तळाला भोकं पाडा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. तिच्यात कुजलेलं शेणखत आणि थोडी रेती मिसळा. रोप पाच-सहा आठवड्यांचं झालं की लावा. पुढे दोन-अडीच महिन्यांत मिरच्या तोडायला येतात. पानं आकसली, बोकडली तर ते झाड उपटून टाका, नाहीतर रोग शेजारच्या झाडांवर जातो. जवळ लवंगी असेल तर भावनगरीचं बी धरू नका. संकर होऊन पुढचं झाड तिखट निघू शकतं.

मिरची हे औषध नाही. धाप लागते, चक्कर येते किंवा बाई गरोदर आहे, तर हिमोग्लोबिन तपासाच. विदर्भात, आपल्या समाजातही, सिकलसेल आहे. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचीही तपासणी करून घ्या आणि लोहाच्या गोळ्या किती, कधी घ्यायच्या ते तिथेच विचारा.