अंगठ्याची ओळख आणि घराची किल्ली

संध्याकाळच्या कर्जत लोकलमधून बदलापूरच्या फलाटावर उतरलेला नोकरदार घरी पोचतो, हातपाय धुऊन चहाचा कप घेऊन बसतो आणि घरातील संगणकाच्या कोपऱ्यावरील नखाएवढ्या काळ्या चौकोनावर बोट टेकवतो. क्षणार्धात पडदा उजळतो. परवलीचा शब्द आठवावा लागत नाही, टंकावाही लागत नाही. त्याच घरातील वृद्ध माता दुसऱ्या दिवशी सकाळी रास्त भावाच्या दुकानापुढील रांगेत उभी राहते. तेथेही यंत्रच आहे आणि तेथेही बोटच टेकवायचे आहे. परंतु आयुष्यभर भांडी घासून व कपडे धुऊन गुळगुळीत झालेला तिचा अंगठा यंत्राला उमगत नाही. ती तो पदराला पुसते, पुन्हा टेकवते, मग दुसरे बोट पुढे करते. मुलाच्या बोटाला दार उघडते आणि आईच्या बोटाला ते अडवते. एकाच घरातील या दोन बोटांमध्ये आजच्या एका मोठ्या प्रश्नाचे सार सामावलेले आहे.

अंगठा हा शब्द मराठी समाजात फार काळ मानाचा नव्हता. खतपत्राच्या तळाशी ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ ही अक्षरे उमटली की सावकाराचे काम झाले, असे समजावे. कागदावर काय लिहिले आहे हे ज्याला कळत नसे, त्याचा अंगठा शाईत बुडे आणि शेत बुडे ते कायमचे. म्हणूनच १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेपासून पुढच्या साऱ्या साक्षरता प्रसारामागे अंगठा सोडून सही करणारी माणसे घडविण्याची जिद्द होती. ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी ठरली ती याच काळात. काळाचा विनोद असा की, शिकलेसवरलेले लोकच आज हौसेने सहीकडून अंगठ्याकडे परतले आहेत. घरच्या संगणकात काय साठवले आहे, हे बोट टेकविणाऱ्याला माहीत असते. परंतु त्या बोटाचे पुढे काय होते, हे त्यालाही बहुधा ठाऊक नसते. अर्थ न कळता अंगठा उठविण्याची जुनी रीत नव्या वेषात परत तर आली नाही ना, अशी शंका येथे डोकावते.

बोटावरील रेषांचे नवल या देशाला नवे नाही. शंख किती आणि चक्रे किती, हे घरोघरी मुलांच्या बोटांवर मोजले जात असे. तथापि त्या रेषांना शासकीय कामात आणण्याचा प्रयोगही याच भूमीवर झाला. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्यासाठी खडी पुरविण्याच्या करारावर राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला. कंत्राटदाराने उद्या शब्द फिरवू नये, एवढाच त्यामागील हेतू होता. पुढे १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली. तिच्यासाठी राबलेली बुद्धी मात्र बव्हंशी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी फौजदारांची होती. तेव्हा या विद्येचा जन्मच मुळी अविश्वासातून झाला. राज्यकर्त्याचा रयतेवर विश्वास नव्हता, म्हणून त्याने तिचे बोट मागितले.

त्या मागणीला पहिला मोठा नकारही हिंदी माणसांनीच दिला. १९०६ साली ट्रान्सवालच्या सरकारने तेथील हिंदी रहिवाशांवर नोंदणीची व बोटांच्या ठशांची सक्ती आणली, तेव्हा ११ सप्टेंबर रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात भरलेल्या सभेने ती न मानण्याची शपथ घेतली. सत्याग्रहाचा उगम येथलाच. पुढे जानेवारी १९०८ मध्ये तडजोड झाली आणि गांधीजी स्वेच्छेने नोंदणी करण्यास तयार झाले, तेव्हा त्यांच्याच बाजूच्या संतप्त माणसांनी त्यांना रस्त्यात बेशुद्ध पडेपर्यंत मारले. सक्तीने जे देणे अपमान आहे, तेच स्वेच्छेने देण्यात कमीपणा नाही, हा गांधीजींचा विचार त्या क्षणी अनेकांना पटला नाही. परंतु ठशाच्या प्रश्नातील कळीचा भेद तोच आहे. बोट कोणाचे, यापेक्षा ते कोणाच्या इच्छेने पुढे झाले, हे महत्त्वाचे.

या कसोटीवर घरच्या संगणकावरील ठसायंत्र तपासले, तर ते पुष्कळसे निर्दोष ठरते. तेथे कोणी सक्ती करीत नाही. यंत्र बोटाचे चित्र घेते, रेषा कोठे संपते व कोठे फुटून दोन होते अशा खुणा टिपते आणि त्यांचा गणिती आराखडा तयार करते. चांगल्या रचनेच्या संगणकात हा आराखडा त्याच यंत्रातील सुरक्षित कप्प्यात राहतो. तो कंपनीच्या दप्तरात पाठविला जात नाही. विंडोज प्रणालीत ही सोय २०१५ पासून आली, तर ॲपलच्या मांडीवरील संगणकांत २०१६ पासून. कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या किंवा मुलाच्या जन्मतारखेवरून सहज ओळखता येणाऱ्या परवलीच्या शब्दापेक्षा हे बोट निःसंशय बरे. गर्दीत कोणी खांद्यावरून डोकावून ते चोरू शकत नाही.

परंतु या यंत्रांच्या कर्त्यांनी स्वतःच एक गोष्ट कबूल करून ठेवली आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. विंडोजमध्ये बोट नोंदविण्यापूर्वी आकडी संकेत ठरवावाच लागतो. ॲपलचा संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की प्रथम परवलीचा शब्दच मागतो. म्हणजे बोट हे सोयीचे दार. खरे कुलूप आतल्या संकेताचे. ज्यांनी यंत्र घडविले, त्यांचाच केवळ बोटावर पूर्ण भरवसा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये तीन नामांकित कंपन्यांच्या संगणकांवरील ही ठशाची पहारेदारी संशोधकांनी चुकवून दाखविली, तेव्हा हा सावधपणा अनाठायी नव्हता हे सिद्धच झाले.

बोटाच्या किल्लीत तीन मूलभूत उणिवा आहेत. पहिली ही की, ती गुप्त नाही. पाण्याच्या पेल्यावर, दाराच्या मुठीवर, लोकलच्या दांडीवर माणूस दिवसभर आपली किल्ली ठेवून जात असतो. २००८ साली जर्मनीतील संगणकतज्ज्ञांच्या एका गटाने खुद्द गृहमंत्र्यांच्या बोटाचा ठसा पेल्यावरून उचलून प्रसिद्ध केला. त्याआधी २००२ मध्ये जपानी संशोधक त्सुतोमु मात्सुमोतो यांनी जिलेटिनच्या कृत्रिम बोटांनी ठसायंत्रे फसवून दाखविली होती. आपल्याकडेही अलीकडच्या वर्षांत जमीन-खरेदीच्या नोंदणीकृत दस्तांवरील अंगठ्यांच्या प्रतिमा मिळवून, त्यांवरून रबरी ठसे बनवून, आधारशी जोडलेल्या खात्यांतील पैसे काढल्याचे गुन्हे अनेक राज्यांत उघडकीस आले. सावकाराच्या खतपत्रावरचा अंगठा एकदाच लुटला जाई. संगणकयुगातला अंगठा पुनःपुन्हा लुटता येतो.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ही किल्ली बदलता येत नाही. घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून बदलापूर, अशी त्या गावाच्या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. थकलेला घोडा बदलता येतो, फुटलेला परवलीचा शब्द बदलता येतो. गर्भातच उमटलेल्या रेषा मात्र मरेपर्यंत त्याच राहतात. २०१५ साली अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागाच्या दप्तरातून सुमारे ५६ लाख माणसांच्या बोटांचे ठसे चोरीस गेले. त्या माणसांना नवी बोटे कोण देणार? घरच्या संगणकात बंदिस्त असलेला आराखडा आणि लक्षावधी ठसे एका जागी साठविणारे मध्यवर्ती दप्तर यांतील अंतर येथे स्पष्ट होते. पहिल्यात चोराला घरोघर हिंडावे लागते. दुसऱ्यात एकच तिजोरी फोडली की पुरे.

तिसरी उणीव कायद्याची आहे. मुंबई राज्य विरुद्ध काठी काळू ओघड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने १९६१ साली असा निर्णय दिला की, आरोपीकडून बोटांचे ठसे घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडणे नव्हे. ठसा ही देहाची खूण आहे, मनातले ज्ञान नव्हे, असा त्यामागील विचार. याउलट परवलीचा शब्द मनात असतो आणि तो वदवून घेण्याविरुद्ध घटनेच्या विसाव्या अनुच्छेदाचा आधार घेऊन निदान वाद तरी घालता येतो. जो नागरिक आपली खासगी पत्रे बोटाच्या कुलपात ठेवतो, त्याने आपण मनाचे दार देहाच्या स्वाधीन केले आहे, हे ध्यानी घ्यावे.

आता पुन्हा त्या वृद्ध मातेच्या अंगठ्याकडे वळले पाहिजे; कारण खरा अन्याय तेथे आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही सलग वसलेली गावे श्रमिकांची आहेत. उल्हासनगरात जीन्सच्या कपड्याचे कारखाने, अंबरनाथ व बदलापुरात रसायनांची औद्योगिक वसाहत, आणि तिन्ही गावांत अखंड चाललेली इमारतींची बांधकामे. चुना, सिमेंट, क्षार आणि आम्ल यांत राबणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. वार्धक्यात त्या आणखी पुसट होतात. म्हणजे ज्याने अधिक कष्ट केले, त्याचीच ओळख यंत्राला कमी पटते. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला बोटाने देण्याची पद्धत २०१४ साली आली. आयुधनिर्माणीत उमेद घालविलेल्या कामगाराला नोव्हेंबर महिन्यात यंत्रापुढे बसून आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागावे आणि त्याच्याच झिजलेल्या बोटाने साक्ष फिरवावी, यापरते वैषम्य कोणते? पुढे चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय निघाली, ती याच अडचणीची अप्रत्यक्ष कबुली होय.

ज्या आधार योजनेने हे यंत्र देशाच्या कानाकोपऱ्यात नेले, तिचा प्रारंभही महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी झाला. ज्याच्याजवळ एकही कागद नाही अशा माणसाला ओळख मिळावी, हा तिचा उद्देश थोर होता, हे नाकारता येणार नाही. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती योजना शासकीय लाभांसाठी वैध ठरविली. बँकेचे खाते आणि दूरध्वनी यांसाठीची सक्ती मात्र मोडीत काढली. त्याआधी वर्षभर, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले होते. परंतु निकालपत्र दिल्लीत राहते आणि यंत्र गल्लीत असते. अंगठा जुळला नाही तर दुसऱ्या रीतीने ओळख पटवून धान्य देणे, हा दुकानदाराचा उपकार नसून नागरिकाचा हक्क आहे, हे रांगेतल्या शेवटच्या स्त्रीला ठाऊक होईपर्यंत तो हक्क कागदावरच राहणार.

या धड्याचा उपयोग घरातही व्हावा. अनेक कुटुंबांत संगणक एकच असतो आणि सोय म्हणून वडील, आई व मुले अशा साऱ्यांची बोटे एकाच खात्यात नोंदविली जातात. यंत्राच्या लेखी ती सारी मिळून एकच व्यक्ती ठरते. मग वडिलांची बँक मुलाच्या बोटाने उघडते आणि मुलीची पत्रे भावाच्या बोटाने. दोन खोल्यांच्या घरात प्रत्येकाला स्वतंत्र खोली देणे परवडत नाही, परंतु संगणकात स्वतंत्र खाते देण्यास दमडीही लागत नाही. तसेच कर्त्या माणसाच्या अचानक मृत्यूनंतर विम्याचे कागद, कर्जाचे हप्ते आणि मुलांची छायाचित्रे त्याच्या बोटामागे कायमची कुलूपबंद होऊ नयेत, म्हणून मूळ संकेत कागदावर लिहून तो लखोट्यात बंद करून घराच्या कपाटात ठेवणे, हे नव्या काळातले मृत्युपत्रच समजावे.

उल्हासनगरला ओळखीची किंमत कोणी शिकवावी, अशी स्थिती नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या हजारो सिंधी निर्वासितांजवळ ना घर होते, ना पुरेसे कागद. १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले आणि १९५० च्या दावेविषयक कायद्याखाली त्यांना सिंधमधील आपली घरे व जमिनी आपल्याच होत्या हे सिद्ध करावे लागले. कागद हरवला तरी माणूस हरवत नाही, हे त्या पिढीने सोसून दाखविले. बोट हे माणसाचे नाव आहे. नाव सर्वांना ठाऊक असले तरी बिघडत नाही. किल्ली मात्र गुप्त हवी, बदलता यायला हवी आणि हरवली तर दुसरी मिळायला हवी. ज्या दाराला बोटाखेरीज दुसरी किल्लीच नाही, ते दार घरचे असो वा सरकारी, केव्हा ना केव्हा योग्य माणसाच्या तोंडावर बंद होणारच. घरातल्या संगणकाला त्याच्या कर्त्यांनी दुसरी किल्ली ठेवली आहे. रास्त भावाच्या दुकानालाही ती तितक्याच सहजतेने लागू व्हावी, एवढे त्या पदराला पुसलेल्या अंगठ्याचे मागणे आहे.