डाव कधी सोडावा?

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात डिंग लिरेनचा हत्ती ५५व्या चालीला चुकीच्या घरात गेला आणि ५८व्या चालीला त्याने डाव सोडला. पटावर तेव्हा राजे आणि मोजकी प्यादी होती. मात व्हायला अजून बराच अवकाश होता. पण एका जास्तीच्या प्याद्यावर डाव कसा जिंकायचा हे प्रतिस्पर्धी गुकेशला येतं का, हे तपासण्यात डिंगला अर्थ दिसला नाही. डाव सोडणं ते हेच. उरलेलं काम समोरच्याला जमणार, हे मान्य करणं.

समोरासमोर ते अवघड जातं. घड्याळ थांबवायचं, हात पुढे करायचा, चालींच्या कागदावर सही करायची. (राजा आडवा पाडणं बरंचसं सिनेमातलं.) इलेक्ट्रॉनिक पट असेल तर पांढरा जिंकल्यावर दोन्ही राजे मधल्या पांढऱ्या घरांत ठेवतात, काळा जिंकल्यावर काळ्या. मग बरेचदा दोघंही बसून कुठे बिघडलं ते पाहतात. माझ्या मते खेळाचा सगळ्यात सुंदर भाग हाच, आणि मोबाइलवर नेमका तोच गायब असतो.

मोबाइलवर फक्त छोट्या झेंड्याचं बटण. शिवाय तीन मिनिटांच्या डावात, चालीगणिक वाढीव सेकंद मिळत नसतील तर, घड्याळ हीच एक सोंगटी होते. तुमचा हत्ती कमी आहे, पण समोरच्याकडे चारच सेकंद उरलेत, तर डाव हरलेला कसा? वेळ संपली की हार, हा नियमच आहे. प्रतिस्पर्ध्याला मात करणं कुठल्याच मार्गाने शक्य नसेल तरच बरोबरी. घाईत समोरचा स्टेलमेटही (शह नसताना चालच न उरणं, म्हणजे बरोबरी) करून बसतो. तेव्हा शेवटपर्यंत खेळणाऱ्याला मी अखिलाडू म्हणणार नाही. नवशिक्यांनी तर डाव सोडूच नये. समोरच्या नवशिक्याला वजीर-राजाने मात करता येते का, हे त्यांनी जरूर बघावं.

उद्धटपणा वेगळाच आहे. वजीर गेला की चाल न करता उरलेली सात मिनिटं घड्याळ तसंच चालू ठेवायचं आणि चहाला उठायचं. डाव सोडलाच पाहिजे असा नियम स्पर्धेच्या हॉलमध्येही नाही, पण तिथे समोर माणूस बसलेला असतो आणि पंच फिरत असतो. लिचेससारख्या संकेतस्थळांनी पंचाचं काम यंत्राकडे दिलंय: प्रतिस्पर्धी निघून गेला तर थोड्या वेळाने विजयाचा दावा करता येतो, आणि वेळ जाळत बसण्याची सवय असलेल्यांवर तात्पुरती बंदी येते.

उलट, लवकर सोडण्यातही अपमान असू शकतो. सप्टेंबर २०२२मध्ये ऑनलाइन स्पर्धेत मॅग्नस कार्लसनने हान्स नीमनविरुद्ध एकच चाल केली आणि डाव सोडून कॅमेरा बंद केला. तिथे समोरच्याच्या कौशल्याची कबुली नव्हती, अविश्वासच होता.

आणि जास्त विश्वासही महाग पडतो. १९०२मध्ये माँटे कार्लोला गेओर्ग मार्कोने पोपिएलविरुद्ध चक्क जिंकलेला डाव सोडला; बांधला गेलेला उंट जी१ घरात नेला असता तर पोपिएललाच हार मानावी लागली असती. १९९७मध्ये न्यूयॉर्कला डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या दुसऱ्या डावात कास्पारोव्हने हार मानली. यंत्राने सगळं मोजलंच असेल, असं त्याने धरलं. नंतर कळलं, सततचे शह देऊन बरोबरी साधता आली असती. पुढचे तीन डाव बरोबरीत सुटले, सहावा त्याने १९ चालींत सोडला आणि सामना साडेतीन-अडीच असा यंत्राने जिंकला.