सकाळची बादली

कंबरेत उसण भरलेल्या माणसाला विचारावं, नेमकं काय करत होतात? पोतं उचलत होतो, असं सांगणारे असतात. पण पुष्कळदा उत्तर अगदीच किरकोळ येतं. बेसिनवर वाकलो होतो, मुलाचा मोजा उचलला, बाथरूममधली बादली सरकवली. वेळही बरेचदा सकाळचीच.

यामागे कारण आहे. मणक्यांच्या मधे गाद्या असतात, माणसाच्या कण्यात अशा 23. आत पाणीदार गर आणि भोवती चिवट तंतूंचं कडं. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळपास नसतातच, तिचं अन्नपाणी आजूबाजूने झिरपून आत येतं. दिवसभर अंगाच्या भाराने तिच्यातलं पाणी हळूहळू बाहेर जातं आणि रात्री आडवं झालं की ती पुन्हा शोषून घेते. म्हणून सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्त भरते. पण पाण्याने टम्म फुगलेली गादी ताठही असते. अशा वेळी खोल वाकलं की तिच्यावर आणि मागच्या स्नायुबंधांवर दुपारपेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. जादा पाण्यातला बराचसा भाग उठल्यानंतरच्या पहिल्या तासात निघून जातो. अमेरिकेत 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनं कंबरदुखणं असलेल्यांना सकाळी सकाळी वाकणं टाळायला शिकवलं होतं. त्यांचं दुखणं कमी झालं.

तेव्हा अंथरुणातून उठताना कुशीवर वळावं, पाय खाली सोडावेत, हाताने रेटा देत उठावं. सूर्यनमस्कार जरूर घालावेत, पण तासभर हिंडून-फिरून झाल्यावर. आणि बादली? ती रात्रीच जागेवर ठेवावी.

बादलीचा हिशेब मात्र सकाळपुरता नाही. पहारेने दगड उलथताना लांब टोकाकडून जोर लावला की काम सोपं होतं. कंबरेत हे सगळं उलटं आहे. वजन लांब टोकाला आणि जोर लावणारे स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच सेंटीमीटरवर. 15 लिटरची भरलेली बादली कंबरेपासून 40 सेंटीमीटर लांब धरून उचलली, तर स्नायूंना आठपट, म्हणजे 120 किलोंइतकी ओढ लावावी लागते. वाकलेल्या धडाचं वजन वेगळंच. तीच बादली 20 सेंटीमीटरवर आणली की ओढ निम्मी. आधी जवळ जायचं, गुडघे वाकवायचे, मग उचलायचं. आणि उचलल्यावर कंबरेतून पिळा न देता पावलांनी वळायचं. एका मोठ्या बादलीऐवजी दोन अर्ध्या भराव्यात, हे तर सगळ्यात सोपं.

केरसुणी आखूड असेल तर लांब दांड्याची घ्यावी. ओट्याशी बराच वेळ उभं राहायचं असेल तर एक पाय पाटावर ठेवावा, थोड्या वेळाने दुसरा.

‘ताठ बस’ हा घरोघरचा सल्ला मला अर्धाच पटतो. ताठ बसूनही माणूस तीन तास हलला नाही, तर कंबर कुरकुरणारच. हालचालीने गादीवरचा दाब कमीजास्त होतो, स्नायूंनाही आराम मिळतो. टेबलावर पाण्याची मोठी बाटली न ठेवता लहान भांडं ठेवावं. ते भरायला सारखं उठावंच लागतं. कंबरेच्या पट्ट्याने दुखणं टळतं, याला फारसा आधार सापडलेला नाही. नियमित व्यायामाला आहे.

आणि कंबर धरलीच तर? आठवडाभर पडून राहण्याचा जुना सल्ला 1986 सालीच डळमळीत झाला. त्या वर्षीच्या एका अभ्यासात दोन दिवसांची विश्रांती सांगितलेले लोक सात दिवसवाल्यांपेक्षा लवकर कामावर परतले, आणि बरं होण्यात मागे राहिले नाहीत. गरम पाण्याच्या पिशवीने शेकावं, पोटऱ्या खुर्चीवर टेकवून जमिनीवर पाठीवर पडावं, आणि सोसवेल तेवढं घरातल्या घरात चालावं. फळीवर झोपण्याचा हट्टही नको. स्पेनमधल्या 2003 च्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांची कंबर जास्त सुधारली.

‘मणक्यात गॅप आहे’ हे ऐकून कित्येकजण वाकणंच सोडून देतात. गंमत म्हणजे पुष्कळदा तिथे जागा वाढलेली नसते, झिजलेल्या गादीमुळे ती उलट कमी झालेली असते. शिवाय काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांच्या मणक्यांचे फोटो पाहिले तरी साधारण तिघांत एकाची गादी झिजलेली दिसते. फोटोत झीज दिसली म्हणजे दुखणं तिचंच, असं नाही.

काही खुणांकडे मात्र दुर्लक्ष नको. पडल्या-झडल्यानंतरचं दुखणं, सोबत ताप, कारण नसताना घटणारं वजन, किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना लवकर दाखवावं. पायातली शक्ती जात असेल, जांघेच्या नि बसण्याच्या जागेला बधिरपणा आला असेल, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली असेल, तर शेकत बसू नये. रात्र असली तरी तेव्हाच रुग्णालय गाठावं.