सतरावा लुई (फ्रान्स)

सतरावा लुई, जन्मनाव लुई-शार्ल (२७ मार्च, १७८५:व्हर्साय, फ्रान्स - ८ जून, १७९५:पॅरिस, फ्रान्स) हा फ्रान्सचा राजा सोळावा लुई व राणी मरी आंत्वानेत यांचा धाकटा मुलगा होता. वडिलांच्या शिरच्छेदानंतर राजेशाहीच्या समर्थकांनी त्याला फ्रान्सचा राजा मानले. परंतु त्याचा राज्याभिषेक कधीही झाला नाही आणि त्याने एक दिवसही राज्य केले नाही. राजा म्हणून गणले गेलेले त्याचे सारे आयुष्य कैदेत गेले. फ्रान्सच्या राजांच्या यादीत सोळाव्या लुईनंतर एकदम अठरावा लुई का येतो, या प्रश्नाचे उत्तर या मुलाच्या चरित्रात आहे.

जन्म व बालपण

लुई-शार्लचा जन्म व्हर्सायच्या राजवाड्यात झाला व त्याला नॉर्मंडीचा ड्यूक ही पदवी देण्यात आली. त्याचा थोरला भाऊ लुई-जोसेफ हा गादीचा वारस होता. लुई-जोसेफ ४ जून, १७८९ रोजी वयाच्या आठव्या वर्षी क्षयाने मरण पावला आणि चार वर्षांचा लुई-शार्ल युवराज झाला. यानंतर दीड महिन्याच्या आतच बास्तीयचा तुरुंग पडला व फ्रेंच राज्यक्रांतीला तोंड फुटले.

ऑक्टोबर १७८९मध्ये जमावाने राजघराण्याला व्हर्साय सोडून पॅरिसमधील त्विलरी राजवाड्यात येण्यास भाग पाडले. जून १७९१मध्ये राजकुटुंबाने वेषांतर करून पलायनाचा प्रयत्न केला. या वेळी युवराजाला मुलीचा पोशाख घालण्यात आला होता. व्हारेन या गावी हे कुटुंब पकडले गेले आणि राजावरील लोकांचा विश्वास पुरता उडाला. १० ऑगस्ट, १७९२ रोजी त्विलरीवर हल्ला झाल्यानंतर तीनच दिवसांनी सर्वांना तांप्लच्या बुरुजात कैदेत ठेवण्यात आले.

कैद

२१ जानेवारी, १७९३ रोजी सोळाव्या लुईचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. परदेशात आश्रय घेतलेल्या त्याच्या भावाने, म्हणजे प्रोव्हाँसच्या काउंटने, पुतण्याला सतरावा लुई म्हणून राजा घोषित केले. या घोषणेचा मुलाला काहीच उपयोग झाला नाही. उलट, राजेशाहीवाद्यांच्या दृष्टीने तो जितका मोलाचा ठरला, तितकाच क्रांतिकारकांच्या दृष्टीने धोक्याचा ठरला.

३ जुलै, १७९३ रोजी त्याला आईपासून वेगळे करण्यात आले. जोडे बनविणारा कारागीर व कट्टर क्रांतिसमर्थक आंत्वान सिमों याच्याकडे त्याचा ताबा देण्यात आला. राजपुत्राला सामान्य नागरिक बनविणे हा यामागील जाहीर हेतू होता. ऑक्टोबरमध्ये आठ वर्षांच्या या मुलाकडून आईवर घृणास्पद आरोप करणाऱ्या जबानीवर सही घेण्यात आली. या जबानीचा वापर राणीवरील खटल्यात झाला व १६ ऑक्टोबर रोजी तिचा शिरच्छेद करण्यात आला.

जानेवारी १७९४मध्ये सिमोंने हे काम सोडले. त्यानंतर सुमारे सहा महिने मुलाला एका खोलीत एकटेच कोंडून ठेवण्यात आले. त्याची थोरली बहीण मरी-तेरेझ त्याच बुरुजात, वरच्या मजल्यावर कैदेत होती. परंतु दोघांना भेटू दिले जात नसे. रोब्सपिएरच्या पाडावानंतर, जुलै १७९४च्या अखेरीस, पॉल बारास याने बुरुजाला भेट दिली, तेव्हा मुलगा आजारी व अत्यंत घाणेरड्या स्थितीत आढळला. पुढे त्याची देखभाल काहीशी सुधारली. पण त्याची प्रकृती सावरली नाही.

मृत्यू

८ जून, १७९५ रोजी वयाच्या अकराव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन झाले व गंडमाळेचा जुना विकार हे मृत्यूचे कारण नोंदविण्यात आले. १० जून रोजी सेंत-मार्गरीत दफनभूमीत त्याचे दफन झाले. कबरीवर कोणतीही खूण ठेवण्यात आली नाही. प्रोव्हाँसच्या काउंटने यानंतर अठरावा लुई हे नाव धारण केले. पुतण्याचा क्रमांक राखून ठेवल्यामुळे राजवंश खंडित झालेला नाही, असा त्याचा दावा होता. मरी-तेरेझची त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सुटका झाली. बुरुजात कैद झालेल्या राजकुटुंबातील पाच जणांपैकी ती एकटीच जिवंत बाहेर पडली.

तोतये

मृतदेह बहिणीला दाखविण्यात आला नव्हता आणि कबरीचा ठावठिकाणा नव्हता. त्यामुळे खरा राजपुत्र बुरुजातून निसटला व त्याच्या जागी दुसराच मुलगा मेला, अशी वदंता पसरली. पुढील काळात शंभराहून अधिक जणांनी आपणच सतरावा लुई असल्याचा दावा केला. कार्ल विल्हेल्म नाउनडॉर्फ हा घड्याळजी यांपैकी सर्वाधिक प्रसिद्ध होय. १८४५मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे तो मरण पावला. त्याच्या थडग्यावरही सतरावा लुई असेच नाव कोरण्यात आले. मार्क ट्वेनच्या हकलबरी फिनविषयीच्या कादंबरीतील एक भामटा असाच दावा करतो.

हृदयाची चाचणी

शवविच्छेदन करणाऱ्यांपैकी फिलिप-झाँ पेलतां या शल्यचिकित्सकाने मुलाचे हृदय रुमालात गुंडाळून गुपचूप आपल्याजवळ ठेवले होते. त्याने ते मद्यार्कात जतन केले. एका विद्यार्थ्याने ते चोरले. पुढे ते परत मिळाले. १८३०च्या क्रांतीत पॅरिसच्या आर्चबिशपचा वाडा लुटला गेला, तेव्हा ते ठेवलेले स्फटिकपात्र फुटले. पेलतांच्या मुलाने ते पुन्हा शोधून काढले. अनेक हातांतून फिरून १९७५मध्ये हे हृदय पॅरिसजवळील सें-दनीच्या बॅसिलिकेत पोहोचले.

२०००मध्ये बेल्जियम व जर्मनीतील शास्त्रज्ञांनी हृदयातील मायटोकाँड्रियल डीएनएची तपासणी केली. हा डीएनए आईकडून मुलांना मिळतो. मरी आंत्वानेतच्या घराण्यातील स्त्रियांचे जतन केलेले केस व तिच्या मातृवंशातील हयात नातेवाईक यांच्या नमुन्यांशी तो जुळला. नाउनडॉर्फच्या हाडातील डीएनए मात्र १९९८च्या तपासणीत जुळला नव्हता. हे हृदय थोरल्या भावाचे, लुई-जोसेफचे, असावे अशी शंका काहींनी घेतली. कारण दोघांचा मातृवंश एकच होता. परंतु लुई-जोसेफच्या हृदयावर राजघराण्याच्या प्रथेनुसार मसाले भरून संस्कार झाले होते. या हृदयावर तशा खुणा नाहीत. त्यामुळे बहुतेक इतिहासकार ते सतराव्या लुईचे मानतात.

८ जून, २००४ रोजी, मृत्यूनंतर बरोबर २०९ वर्षांनी, हे हृदय सें-दनी येथे त्याच्या आईवडिलांच्या थडग्यांजवळ ठेवण्यात आले.