फोटो धुतलेला की छापलेला?



पूर्वी आपण म्हणायचो, "रोल धुवायला दिलाय." आता मोबाईल पुढे करतो आणि म्हणतो, "प्रिंट काढून द्या." फोटो किती वर्षं टिकणार, हे या धुण्या-छापण्यावर आणि कागदावर ठरतं. आज त्याचाच हिशेब मांडू या.

डार्करूममधल्या कागदावर चांदीच्या क्षारांचा थर असतो. त्यावर प्रकाश पाडून कागद रसायनात बुडवला की चित्र उमटतं. हायपोच्या पाण्यात ते पक्कं होतं, मग स्वच्छ पाण्यात धुवायचं. जुना जाड कागद तर तासभर धुवावा लागे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात 'इंदू' नावाने असा कागद तयार होई. तो कारखाना आता बंद आहे. शिवाय कागदाचं अख्खं पाकीट घ्यावं लागतं, थोडा कागद चाचणीत जातो आणि उरलेलं रसायन खराब होतं. म्हणून एक-दोन फोटोंसाठी डार्करूम महाग पडते.

पण मोठ्या कलर लॅबमध्ये मोबाईलचा फोटोही धुतला जातो, बरं का! तिथलं मशीन लेझरच्या प्रकाशाने चांदीच्याच कागदावर फोटो उमटवतं. कागदाचा मोठा रोल आणि दिवसभर काम, त्यामुळे एका फोटोचा खर्च कमी येतो.

जवळच्या दुकानात छोटा प्रिंटर असतो. त्याचे मुख्य प्रकार दोन. एक शाईचा. त्यातली साधी डाय शाई स्वस्त, पण ओल लागली की पसरते आणि उन्हात लवकर उडते. पिगमेंट शाई महाग, पण जास्त टिकते. दुसरा प्रकार रिबनचा. त्यात उष्णतेने रंग कागदावर चढतो आणि वर पारदर्शक थर बसतो, म्हणून पाण्याचा त्रास कमी.

मग आपण काय घ्यावं? बँकेच्या किंवा योजनेच्या अर्जाला दुकानातली प्रिंट पुरते. साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटरचे ८ फोटो ४ बाय ६ इंचाच्या एका कागदावर बसतात. प्रत्येकीला २ हवे असतील, तर एका कागदात गटातल्या ४ जणींचं काम होतं.

लग्नाचा फोटो, गेलेल्या सासूबाईंचा एकुलता एक फोटो, असे फोटो मात्र लॅबमधून धुऊन घ्या. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर फोटोचा बारकावा जातो. जुन्या मूळ फोटोला लॅमिनेशन करू नका. त्याची प्रत काढा आणि मूळ फोटो कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवा.

आपलं चिखले समुद्रकाठचं गाव. पावसाळ्यात दमट हवेने फोटो फ्रेमच्या काचेला चिकटतो, बुरशी धरतो. म्हणून काच आणि फोटो यांच्यामध्ये कडेने पुठ्ठ्याची पट्टी घाला. ऊन येणाऱ्या भिंतीवर फ्रेम टांगू नका.

दुकानात दर विचारण्याआधी विचारा, "कागद कोणता? शाई कोणती?" एखादी वाया गेलेली प्रिंट मागून घ्या आणि तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. रंग पसरला, तर ती प्रिंट अर्जापुरती ठीक. घरच्या आठवणीसाठी थोडे पैसे जास्त मोजलेले बरे.