घरगुती संगीत-स्ट्रीमरची परीक्षा आणि श्रवणसाक्षीचे प्रामाण्य

संगीताची आवड आणि हातात थोडी कारागिरी असलेला मनुष्य आज स्वतःचा स्ट्रीमर स्वतः बांधू शकतो. २०१२ साली बाजारात आलेल्या रास्पबेरी पायसारखा लहानसा संगणक, त्यावर बसवलेली अंकीय-सदृश परिवर्तकाची म्हणजे डॅकची पट्टी, एक विद्युत्पुरवठा, एक पेटी आणि म्युझिक प्लेयर डीमनसारखी विनामूल्य आज्ञावली, एवढ्या सामग्रीवर घरातील संग्रहात साठवलेले अथवा जाळ्यावरून येणारे संगीत अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचते. यंत्र पूर्ण होते, पहिली ध्वनिफीत वाजते, आणि बांधणारा समाधानाने सांगतो की जुन्या यंत्रापेक्षा आवाज मोकळा झाला, तंबोऱ्याची जवारी आता वेगळी ऐकू येते. हे विधान खोटेपणाने केलेले नसते. ते कशाविषयी आहे, यंत्राविषयी की ऐकणाऱ्याविषयी, एवढाच प्रश्न आहे. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. ज्याच्या संशोधनाचे पहिले साधन कान हेच आहे, त्याला कानाच्या साक्षीचे मोल ठरवल्यावाचून गत्यंतर नसते.

प्रथम यंत्राकडे पाहू. १९८२ साली विक्रीस आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या रूपाने असतो. प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि वाहिन्या दोन. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट झाले. नमुन्यांच्या मधले सारे हरवते आणि ध्वनी पायऱ्यापायऱ्यांचा होतो, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो चुकीचा आहे. कोतेल्निकोव यांनी १९३३ मध्ये आणि शॅनन यांनी १९४९ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, ज्या ध्वनीत नमुनागतीच्या निम्म्याहून उच्च कंप्रता नाहीत, तो ध्वनी नमुन्यांवरून संपूर्णपणे पुन्हा उभा करता येतो. राहतो तो बिटसंख्येमुळे येणारा अल्पसा गोंगाट. १६ बिटांत तो महत्तम पातळीच्या सुमारे ९८ डेसिबल खाली असतो. ज्या दिवाणखान्यात छताचा पंखा फिरत आहे, तेथे या गोंगाटाची चिंता करण्याचे फारसे कारण नाही.

मग स्ट्रीमरमध्ये ध्वनी बिघडू शकतो तो कोठे? साठ्यापासून डॅकपर्यंतच्या वाटेविषयी पुष्कळ बोलले जाते. जाळ्याची तार बदलल्याने स्वर उजळल्याचेही सांगितले जाते. परंतु या वाटेवर संगीत म्हणजे केवळ आकडे असतात. सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या टीसीपी पद्धतीत एखादा तुकडा गहाळ झाला तर तो पुन्हा मागवला जातो. वेळेवर न आला तर संगीत खंडित होते, पण तंबोऱ्याचा पोत बदलत नाही. या टप्प्यावरचा खरा धोका आज्ञावलीचा आहे. संगणकातील ध्वनिमिश्रक पुष्कळदा न सांगता ४४,१०० ची नमुनागती ४८,००० करून टाकतो, किंवा आवाजाची पातळी आकड्यांतच कमी करतो, आणि मग डॅकपाशी पोहोचणारे आकडे मूळचे राहत नाहीत. याची परीक्षा कानाने करण्याची गरजच नाही. स्ट्रीमरचा अंकीय निर्गम दुसऱ्या संगणकात टिपावा, मूळ फाइलशी नमुना-नमुना जुळवून वजाबाकी करावी; बाकी शून्य आली तर वाट निर्दोष आहे. फ्लॅक स्वरूपाच्या फाइलीत मूळ ध्वनीची एक गणिती खूणही आरंभी नोंदलेली असते, त्यामुळे साठ्यातील प्रत शाबूत आहे किंवा नाही हे वेगळे तपासता येते.

खरा नाजूक भाग त्यापुढचा. आकडे बरोबर असून भागत नाही. ते नेमक्या क्षणी स्वरात रूपांतरित व्हावे लागतात. त्यासाठी घड्याळ लागते, आणि त्या घड्याळाच्या ठोक्यांतील अनियमितपणाला जिटर म्हणतात. २०,००० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा स्वर १६ बिटांच्या लहानांत लहान पायरीचे निम्मे अंतर सुमारे १२१ पिकोसेकंदांत ओलांडतो. हा आकडा वाचून घाबरून गेलेले अनेक जण महागडी घड्याळे विकत घेतात. वस्तुतः तो कागदावरची अतिकठोर मर्यादा आहे. २००५ साली जपानमध्ये आशिहारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत संगीत ऐकताना यादृच्छिक जिटर ओळखू येण्यासाठी तो काही शे नॅनोसेकंद, म्हणजे वरच्या आकड्याच्या हजारो पट, असावा लागला. तरीही बांधणी करणाऱ्याने या बाबतीत बेफिकीर राहावे असे नाही. रास्पबेरी पायच्या आरंभीच्या आवृत्तींतील मूळ स्फटिक १९.२ मेगाहर्ट्झचा होता. ४४,१०० ने त्याला निःशेष भाग जात नाही, म्हणून संगणकालाच घड्याळ मानले की ठोके कमीजास्त अंतराने पडतात. याकरिता चांगल्या पट्ट्यांवर २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झचे दोन स्वतंत्र स्फटिक असतात. ते अनुक्रमे ४४,१०० आणि ४८,००० यांच्या ५१२ पट आहेत, आणि तेथे संगणक पट्टीच्या ठोक्यावर चालतो. हा बदल स्वस्त आहे आणि मोजमापात स्पष्ट दिसतो. कानाला तो कळतो का, हा निराळा प्रश्न.

येथून कानाची परीक्षा सुरू होते. कान एकटा ऐकत नाही, हे १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी दाखवून दिले. पडद्यावरच्या व्यक्तीचे ओठ 'ग'चा उच्चार करीत आहेत आणि ध्वनी मात्र 'ब'चा आहे, अशा वेळी पुष्कळ श्रोत्यांना 'द' ऐकू आला. म्हणजे जे ना दाखवले होते ना वाजवले होते ते. डोळा व्यंजन बदलू शकतो, तर नव्या यंत्राची चकचकीत पेटी आणि तिच्यावर खर्ची पडलेले महिने 'मोकळेपणा' निर्माण करणार नाहीत, असे कोण म्हणेल? ज्याला हे यंत्र कोणते ते ठाऊक आहे, त्याची साक्ष या एका कारणानेच दुबळी ठरते. त्याच्या सचोटीचा येथे संबंध नाही. ध्वनिलेखन शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा अनुभव याहून फारसा वेगळा नसतो. बोलीत अमुक स्वर अनुनासिक आहे असे आधी वाचून गेलेल्याला तो अनुनासिकच ऐकू येतो.

यावरचा उपाय ध्वनिविज्ञानाच्या इतिहासातच सापडतो. मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० साली एबीएक्स ही पद्धती मांडली. श्रोत्याला प्रथम अ, मग ब, आणि नंतर क्ष असे नमुने ऐकवायचे. क्ष हा अ आहे की ब आहे एवढेच त्याने सांगायचे. १९५७ मध्ये हॅस्किन्स प्रयोगशाळेतील लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच रीत वापरून एक महत्त्वाचा शोध लावला. ब, द, ग यांच्यामधून समान टप्प्यांनी सरकणारे कृत्रिम ध्वनी त्यांनी ऐकवले. दोन ध्वनी वर्णांच्या सीमेच्या दोन बाजूंस पडत असले तर श्रोते त्यांतील भेद सहज ओळखत. तितक्याच अंतराचे दोन ध्वनी एकाच वर्णाच्या पोटात असले तर भेद ओळखणे कठीण जाई. 'चार' आणि 'चाक' यांतील दोन चकार मराठी कानाला न सांगता वेगळे वाटतात. ज्याच्या भाषेत तो भेद नाही त्याला ते शिकावे लागते. संगीताच्या श्रवणातही कमावलेला कान असतो हे यावरून मान्य केले पाहिजे. जवारी उघडी की बंद, हे मिरजेचा तंबोरा बनवणारा कारागीर ज्या खात्रीने सांगेल त्या खात्रीने इतर कोणी सांगणार नाही. म्हणून चाचणीत नवशिके श्रोते बसवून 'भेद नाही' असा निकाल काढणे हे देखील अप्रामाणिकच होय.

चाचणीची मांडणी साधी आहे, परंतु एका गोष्टीत बहुतेक घरगुती प्रयोग फसतात. ती म्हणजे आवाजाची पातळी. दोन यंत्रांतील एकाचा आवाज अर्ध्या डेसिबलने जरी मोठा असला, तरी ते 'मोठे' असे वाटत नाही. ते 'स्पष्ट' आणि 'भरीव' वाटते. त्याकरिता दोन्ही यंत्रांवरून १,००० हर्ट्झचा एकच स्वर वाजवून ध्वनिवर्धकाच्या टोकांवरचा विद्युद्दाब मोजावा आणि फरक ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे सुमारे सव्वा टक्क्याच्या आत, आणावा. साधा मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या घरगुती विजेसाठी बनवलेला असतो आणि हजार हर्ट्झवर त्याचा आकडा नेमका येईलच असे नाही. पण दोन्ही यंत्रे त्याच मीटरवर त्याच स्वराने मोजली तर तुलनेला बाध येत नाही. पातळी जुळवायची ती डॅकनंतरच्या सदृश भागात. ती आज्ञावलीत जुळवली तर आकडे बदलतात, आणि मघाची शून्य बाकी व्यर्थ जाते. यंत्रे झाकलेली असावीत, अदलाबदलीचा क्रम नाणे उडवून आधीच लिहून ठेवावा, आणि तो जाणणाऱ्याने श्रोत्यासमोर येऊ नये. त्याच्या चेहऱ्यावरूनही उत्तर वाचता येते.

किती फेऱ्या घ्याव्या? रूढी सोळाची आहे. नुसत्या अंदाजाने सोळापैकी नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शेकडा ४० आहे. म्हणून नवाने काहीच सिद्ध होत नाही. बारा किंवा अधिक येण्याची शक्यता शेकडा ४ हून किंचित कमी. तेथे भेद ऐकू आला असे म्हणण्यास आधार मिळतो. फिशर यांनी १९३५ च्या ग्रंथात चहात दूध आधी घातले की नंतर हे ओळखण्याचा दावा करणाऱ्या बाईंच्या आठ पेल्यांवरून जो तर्क मांडला, तोच हा. मात्र या तर्काची दुसरी बाजू हाय-फाय मंडळीही विसरतात आणि त्यांची थट्टा करणारेही. एखादा श्रोता खरोखरच शंभरांत साठ वेळा भेद ओळखतो असे समजा. सोळा फेऱ्यांत बारांचा उंबरठा ओलांडण्याची त्याची शक्यता शेकडा १७ एवढीच निघते. म्हणजे सहांपैकी पाच वेळा ही चाचणी त्याला नापास करील! त्याची क्षमता बऱ्यापैकी खात्रीने पकडायची तर सुमारे दीडशे फेऱ्या हव्यात, आणि त्या एका बैठकीत घेतल्या तर कान थकतो. अनेक दिवसांत विभागून घेतल्या तरच त्यांना अर्थ आहे.

हा केवळ कागदी हिशेब नव्हे. मायर आणि मोरान यांनी २००७ मध्ये उच्च विभेदनाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत कॉम्पॅक्ट डिस्कच्या मानाची कडी घालून श्रोत्यांना भेद ओळखावयास सांगितले. ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे निम्म्याला एक कमी. त्यावरून वाद मिटला असे अनेकांनी जाहीर केले. २०१६ साली राइस यांनी अशा १८ अभ्यासांतील बारा हजारांहून अधिक फेऱ्या एकत्र केल्या, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ५२.३ निघाले. प्रमाण क्षुद्र, परंतु एवढ्या फेऱ्यांत ते निव्वळ योगायोगाचे मानता येत नाही. आणि आधी शिक्षण दिलेल्या श्रोत्यांत ते साठाच्या आसपास गेले. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले म्हणजे असे दिसते की भेद असलाच तर तो उंबरठ्यावरचा आहे. 'पडदा दूर झाला' अशा शब्दांनी वर्णन करण्याजोगा तो खास नाही.

शब्दांचा हा प्रश्न परीक्षेच्या नोंदवहीत वेगळा ठेवावा हे उत्तम. मोकळा, उबदार, कोरडा, घट्ट ही विशेषणे स्पर्शाच्या आणि अवकाशाच्या क्षेत्रांतून नादाकडे आलेली आहेत, आणि दोन श्रोते 'कोरडा' म्हणतात तेव्हा त्यांना एकच गुण अभिप्रेत असतो असे गृहीत धरता येत नाही. 'जवारी' हा शब्द निराळ्या जातीचा आहे. त्याच्या मागे घोडीचा पृष्ठभाग, त्यावरचा दोरा आणि तारेचा स्पर्श अशी भौतिक कृती आहे, आणि दोरा सरकवून तो गुण हवा तेव्हा आणता किंवा घालवता येतो. ज्या विशेषणाला अशी कृती जोडता येते ते श्रोत्याला आधी शिकवावे, आणि ते ऐकू आले की नाही हे मग विचारावे. उरलेली विशेषणे टिपून घेण्यास हरकत नाही. त्यांवरून यंत्राविषयी निर्णय करू नये.

शेवटी, एखाद्या श्रोत्याने सोळापैकी सोळा उत्तरे बरोबर दिली तर यंत्र बांधणाऱ्याने आनंदापूर्वी संशय धरावा. दोन स्ट्रीमर एकाच क्षणी क्वचितच सुरू होतात. पाव सेकंदाचा मागेपुढेपणा देखील श्रोत्याला पुरेसा सुगावा देतो. अदलाबदलीच्या खटक्याचा आवाज एका बाजूला किंचित निराळा असतो. एका यंत्राच्या भूसंपर्कातून येणारी ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण दोन गाण्यांमधल्या शांततेत ऐकू येते, आणि श्रोता संगीत न ऐकता तीच ऐकत बसतो. म्हणून संगीताच्या जागी निव्वळ शांतता वाजवून तीच चाचणी एकदा घ्यावी. त्या फेरीतही सोळा बरोबर आले, तर पेटी उघडून विद्युत्पुरवठ्याच्या तारा प्रथम तपासाव्या.